आयसीचा काय गुन्हा?

ऑफिसात काहीतरी बिघडतं. सर्व्हर बसतो, रिपोर्टमधले आकडे चुकतात, क्लायंटचा मेल कॅपिटल अक्षरांत येतो. पुढच्या पाच मिनिटांत मीटिंग रूममध्ये काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळतात. ज्याच्या स्क्रीनवर एरर दिसली, तो गुन्हेगार! तो बिचारा सांगत असतो, 'अहो, मला वरूनच चुकीचा डेटा आला.' पण ऐकतंय कोण?

मी टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. (तुमच्यातल्या डेव्हलपर मंडळींनी नाक मुरडलेलं इथून दिसतंय हं मला.) त्यामुळे 'गुन्हेगार कोण?' हा प्रश्न माझ्या रोजच्या पोळीभाजीचा. पण त्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला हिंजवडीतल्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही. ते मिळालं नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत, माझ्या मामांच्या ओट्यावर. आणि ते दिलं एका आठ पायांच्या, नखाएवढ्या, काळ्या आयसीनं. त्याचं नाव ४५५८. जात ऑप-अँप.

आखाजी आणि डावा स्पीकर

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पुण्या-मुंबईत ती सोनं खरेदीची आणि आमरसाची. खानदेशात ती माहेरवाशिणींची. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधले जातात आणि बायका गाणी म्हणतात. खापरावरचे मांडे आणि आमरस हा तर वेगळ्या कॉलमचा विषय आहे. आमच्या आईचं माहेर ब्राह्मणपुरी. त्यामुळे दर वैशाखात रात्रीची बस, सारंगखेड्याला तापी ओलांडायची, शहाद्याला उतरायचं आणि पुढे मिळेल त्या गाडीनं गाव. ऊन म्हणाल तर विचारू नका. बसच्या खिडकीची दांडी हाताला चटका देते.

मामांच्या अंगणात आखाजीला माइक लागतो. माइक त्यांच्या अँप्लिफायरला जोडलेला. हा अँप्लिफायर विकतचा नाही. मामांनी धुळ्याला आयटीआय केलं, रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचं. मग गावात रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त करत करत १९९४ साली स्वतःसाठी हा डबा बांधला. ट्रान्सफॉर्मर बारा-झिरो-बारा, पत्र्याची पेटी, स्पीकरची खोकी गावच्या सुताराकडून. सुटे भाग त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग. पण तिथं जाऊन या नावानं पत्ता विचारून बघा!) उजवा स्पीकर ओट्यावर, डावा अंगणात निंबाखाली, झोक्याजवळ. म्हणजे डावा स्पीकर बायकांचा. तो बंद म्हणजे आखाजी मुकी.

आणि यंदा डावा बंद होता.

बंद म्हणजे गंमतशीर बंद. बटण दाबलं की गाणं मस्त वाजायचं. पंधरा-वीस सेकंदांनी आवाज फाटायला लागायचा, जणू गाणारीच्या घशात वाळू गेलीये. मग आणखी चार-पाच सेकंदांत डावी बाजू गप्प. उजवी मात्र खणखणीत. अँप्लिफायर तासभर बंद ठेवून परत चालू केला की पुन्हा तीच पंधरा-वीस सेकंदं.

मामेभावाचं निदान तयार होतं. 'आयसी गरम होऊन बसतोय.' त्यानं शहाद्याहून नवा ४५५८ आणून लावला. तेच! मग आणखी एक आणला. तेच! दुकानदार म्हणाला, 'आता असले बोर्ड कोण वापरतं? फेकून द्या, ब्लूटूथवाला घेऊन टाका.' मामींनी भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं.

मामा काही बोलत नव्हते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बोटांना कंप सुटलाय. गेल्या वर्षभरात गावातली दुरुस्तीची कामं त्यांनी घेणंच सोडलंय. आता स्वतःचाच अँप्लिफायर बसला. 'मामांचं आता झालं' असं गावात कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. पण हळू आवाजातलं ऐकू येतंच की.

मी ईएनटीसी करून आयटीत गेलेली मुलगी. माझ्यासारख्या तुमच्यात किती आहेत, हे हात वर करायला सांगितले तर कळेल! ऑप-अँपवर आम्ही पंधरा मार्कांची उत्तरं लिहिली. माझ्या बॅगेत एक डिजिटल मल्टिमीटर असतो, हौस म्हणून. तो मी ओट्यावर काढला. मामांनी खुर्ची सरकवली. ठरलं असं, की डोकं मामांचं, डोळे आणि हात माझे.

तराजूचा फंडा

पुढचं कळायला ऑप-अँप म्हणजे काय, हे दोन मिनिटांत सांगते. घाबरू नका, फॉर्म्युला नाही.

किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. दोन पारडी. एका पारड्यात काहीही ठेवा, दुकानदाराचा हात दुसऱ्या पारड्यात तेवढाच माल टाकतो किंवा काढतो, काटा मधे येईपर्यंत. ऑप-अँप म्हणजे हा दुकानदार. त्याचे दोन इनपुट म्हणजे दोन पारडी, आणि त्याचा आउटपुट म्हणजे माल टाकणारा हात. आयुष्यभर तो एकच काम करतो, दोन्ही पारडी सारखी ठेवायची. मोबाईलमधून आलेला नाजूक सिग्नल एका पारड्यात पडतो, आणि दुसरं पारडं त्याच्या बरोबरीला आणता आणता आउटपुटला तेच गाणं मोठं होऊन बाहेर येतं. किती मोठं, ते बाजूचे दोन-तीन रेझिस्टर ठरवतात.

नावात 'ऑपरेशनल' का? कारण याचा जन्म गाण्यासाठी झालाच नव्हता. बेरीज, वजाबाकी, इंटिग्रेशन अशी गणिती ऑपरेशन्स करणाऱ्या अ‍ॅनालॉग कॉम्प्युटरसाठी ही सर्किट्स वापरात आली, आणि १९४७ मध्ये जॉन रॅगाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात त्यांना हे नाव दिलं. तेव्हा त्यात काचेचे व्हॉल्व्ह असायचे. मग १९६५ मध्ये बॉब विडलर या अफाट डोक्याच्या इंजिनिअरचा ७०९ आला आणि १९६८ मध्ये डेव्हिड फुलगर यांचा ७४१. दोन्ही फेअरचाइल्ड कंपनीत. एका चिपवर वीसेक ट्रान्झिस्टर! ७४१ आजही मिळतो, आणि इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये आजही तोच जळतो.

आपला ४५५८ त्याच घराण्यातला, १९७० च्या दशकातला, एका पाकिटात दोन ऑप-अँप घेऊन आलेला. एक डाव्या चॅनलला, एक उजव्याला. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या हजारो डेक आणि होम थिएटरमधल्या बास-ट्रेबलच्या बोर्डावर हाच बसलेला असतो. आणि आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर नावाच्या गिटार पेडलमध्येही हाच. त्यातल्या जुन्या तुकड्यांसाठी गिटारवाले वेडे होतात. मामांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मोजायच्या आधी ऐकायचं

मला वाटलं होतं, मामा लगेच मीटर लावायला सांगतील. त्यांनी काहीच सांगितलं नाही. डोळे मिटून म्हणाले, 'लाव गाणं.'

डावी बाजू वाजली. मामा बोटांवर सेकंद मोजत होते. अठराला आवाज फाटला. मग तासाभरानं, मधे जेवण उरकून, पुन्हा लावायला सांगितलं, या वेळी आवाज निम्मा ठेवून. आता फाटायला जास्त वेळ लागला. तिसऱ्यांदा मामेभावाला टेबल फॅन आयसीवर धरायला सांगितलं. काही फरक नाही. मग मला म्हणाले, 'बोट ठेव त्यावर.' आयसी कोमटसुद्धा नव्हता.

'गरम व्हतं तर पंखानं फरक पडता ना?' मामा म्हणाले. मग मामेभावानं काढून काडेपेटीत ठेवलेले दोन्ही जुने आयसी त्यांनी तळहातावर घेतले. 'तिन्ही जन सारखाच रडतस. मंग चिमटा घेनारा कोनी दुसरा शे. यासना काय गुन्हा?'

अहिराणी येत नसेल त्यांच्यासाठी: तिघंही सारखंच रडताहेत, तेव्हा चिमटा घेणारा दुसराच कुणीतरी आहे. यांचा काय गुन्हा?

बॉस, हे वाक्य मी आमच्या टीमच्या व्हाइटबोर्डवर लिहायला तयार आहे. भाग बदलूनही लक्षण तसूभर बदलत नसेल, तर तो भाग निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. बाजारात नकली, नाव खरडून दुसरं छापलेले आयसी मिळतात हे खरं. पण तीन वेगवेगळे आयसी नेमक्या अठराव्या सेकंदाला, नेमके डावीकडेच कसे बिघडतील?

पुढचा धागा दिला तो मामींनी, पापड उलटवता उलटवता. 'फाल्गुनमा लगीनले ट्रॉलीत गेला होता ना तो डबा. तवापासून बिघडला.' ट्रॅक्टरची ट्रॉली, शेतातला रस्ता आणि सव्वीस वर्षांहून जुना बोर्ड! आमच्या भाषेत याला 'लास्ट चेंज' म्हणतात. बग आला की पहिला प्रश्न: शेवटचं काय बदललं? मामींनी कुठलंही सर्टिफिकेशन केलेलं नाही.

आठ पाय, एक मीटर

आता मीटर. काळी दांडी ग्राउंडला चिमट्यानं अडकवली. लाल दांडी हातात. आयसीच्या एका टोकाला खाच असते. वरून बघताना खाच वर धरली की डावीकडचा पहिला पाय एक नंबर, तिथून खाली चार, मग उजवीकडून वर पाच ते आठ.

'पहिले त्याना पोटमा काही शे का ते देख,' मामांची ऑर्डर. म्हणजे आधी जेवण मिळतंय का बघ. आठ नंबरला अधिक १२ व्होल्ट, चार नंबरला उणे १२ व्होल्ट. आले. इथेच निम्म्या केसेस सुटतात, बरं का. उणे बाजूचा रेग्युलेटर गेला की ऑप-अँप उपाशी राहतो, वेडंवाकडं वागतो, आणि शिव्या त्यालाच बसतात.

मग आउटपुट. उजव्या चॅनलचा सात नंबर, गाणं थांबवून: जवळजवळ शून्य. तसाच हवा. डाव्याचा एक नंबर: सुरुवातीला शून्याजवळ आणि मग माझ्या डोळ्यांसमोर चढायला लागला. दोन, चार, सहा... जवळपास ११ व्होल्टला जाऊन टेकला.

हे आकडे मी मोठ्यानं वाचत होते आणि मामा मान हलवत होते. त्यांना आवाज का फाटतो ते कळलं होतं. १२ व्होल्टच्या छताखाली गाण्याच्या लाटेला वर-खाली व्हायला जागा लागते. आउटपुटच जर हळूहळू छताकडे सरकत असेल, तर लाटेचा माथा छताला घासतो. तो फाटका आवाज. पूर्ण छताला चिकटला की शांतता. आवाज कमी ठेवला की लाट लहान, म्हणून घासायला वेळ जास्त. मामांनी हे मीटर लावायच्या आधी कानानं ओळखलं होतं!

आता खरा प्रश्न. आउटपुट चुकीचा आहे, मान्य. पण दुकानदार वेडा झालाय, की पारड्यातच कुणीतरी काही टाकतंय?

दोन नंबर म्हणजे ज्या पारड्यात आउटपुटमधला माल येतो ते. तेही ११ च्या आसपास. म्हणजे हाताला पारडं जोडलेलं आहे. राहिला तीन नंबर, जिथे सिग्नल येतो. मी लाल दांडी तीन नंबरला टेकवली.

आणि डावा स्पीकर गायला लागला!

खरं सांगते, अंगावर काटा आला. दांडी टेकवली की गाणं, उचलली की काही सेकंदांत पुन्हा फाटकं. मीटरवरचा आकडा ११ वरून घसरत ०.६ वर येऊन थांबला. मामेभाऊ म्हणाला, 'ताई, तुझ्या मीटरमध्ये जादू आहे.' मामा म्हणाले, 'जादू नही. मोरी.'

मोरी तुंबली की

पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं, की ऑप-अँपच्या इनपुटमधून करंट वाहत नाही. परीक्षेपुरतं ते ठीक. खऱ्या ४५५८ च्या इनपुटमधून एक अतिसूक्ष्म करंट सतत बाहेर झिरपत असतो, काही दशक नॅनोअँपिअर. आमच्या बोर्डावर साधारण ६०. नॅनो म्हणजे एक अब्जांश. गळक्या नळाचा थेंबच म्हणा.

हा थेंब वाहून जावा म्हणून तीन नंबरपासून ग्राउंडपर्यंत एक १०० किलोओहमचा रेझिस्टर असतो. ही मोरी. मोरी उघडी असेल तर त्या थेंबानं जेमतेम सहा मिलिव्होल्ट साठतात, कुणाला पत्ताही लागत नाही. पण मोरी तुंबली तर? थेंब जाणार कुठे? सिग्नल घेऊन येणारा एक छोटा कंडेन्सर तिथे असतो, ०.१ मायक्रोफॅरडचा. त्याच्या बादलीत तो साठत जातो, सेकंदाला ०.६ व्होल्ट या चालीनं. गुणाकार करा: अठरा सेकंदांत पावणेअकरा व्होल्ट. मामांच्या बोटांवरचे अठरा सेकंद हेच!

दुकानदार काय करणार? एका पारड्यात कणाकणानं वाळू पडतेय, तो इमानदारीनं दुसऱ्या पारड्यात तेवढाच माल टाकतोय, पोतं संपेपर्यंत. काटा शेवटपर्यंत मधे आहे. तो आपलं काम अचूक करतोय आणि सगळं गाव त्याला चोर म्हणतंय.

आणि माझी 'जादू'? डिजिटल मीटरच्या आत साधारण १० मेगाओहमचा रेझिस्टन्स असतो. दांडी टेकवली की तीच तात्पुरती मोरी. साठलेलं वाहून जातं, गाणं परततं. ६० नॅनोअँपिअर गुणिले १० मेगाओहम, उत्तर ०.६ व्होल्ट. मीटरवर दिसलेला आकडा.

पुढचं सोपं होतं. प्लग काढला. आयसी बेसमधून उचलला. (मामांनी १९९४ मध्ये आयसी थेट न चिकटवता आठ पायांचा बेस लावला होता. दूरदृष्टी म्हणतात ती ही.) मीटर ओहमवर. चांगल्या बाजूचा पाच नंबर ते ग्राउंड: १०० किलोओहम. वाईट बाजूचा तीन नंबर ते ग्राउंड: मीटरवर नुसता डावीकडचा '१', म्हणजे रस्ताच नाही. रेझिस्टरच्या दोन पायांवर दांड्या लावल्या: १०० किलोओहम. म्हणजे रेझिस्टरही निर्दोष! बोर्ड उलटा केला. मोबाईलचा टॉर्च, आणि कॅमेरा झूम करून भिंग. रेझिस्टरच्या ग्राउंडकडच्या पायाभोवती सोल्डरच्या डागात केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर. ट्रॉलीतल्या धक्क्यांची सही.

मामांनी फोटो मोबाईलवर मोठा करून डोळ्यांजवळ धरला. 'हाऊच,' म्हणाले. हाच.

आयर्न तापवलं. जुना डाग वितळवून थोडं नवं सोल्डर दिलं. तीन सेकंदांचं काम. आयसी परत बसवला. एक नंबरवर शून्य. वीस सेकंद, चाळीस सेकंद, दोन मिनिटं. शून्यच.

खर्च: मोजता येणार नाही इतका कमी. संध्याकाळी निंबाखालच्या स्पीकरमधून आजीचा आवाज आला, आणि पलीकडच्या गल्लीतल्या बायका आपापला पाट घेऊन आमच्या अंगणात आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर भजनी मंडळाचा अँप्लिफायर कुणीतरी आणून ठेवला होता. मामांनी तो फक्त उचलून हलवला, कान लावला आणि मामेभावाला म्हणाले, 'मीटर आन.' मी माझा मीटर तिथेच ठेवून आले. पुण्याच्या तपकीर गल्लीत दुसरा मिळाला.

वीकेन्डला करून बघा

तुमच्या घरीही माळ्यावर बाबांचा किंवा काकांचा असा एखादा डबा असेल. किंवा तुम्हीच हौसेनं हेडफोन अँप बांधला असेल आणि तो रुसला असेल. तर मामांचा फंडा, माझ्या शब्दांत:

१. आधी विचारा. कधीपासून बिघडलं? त्याआधी काय झालं? घरातल्या ज्या माणसाला 'यातलं काही कळत नाही', त्याला नक्की विचारा.

२. आधी ऐका. लगेच बिघडतं की वेळानं? दोन्हीकडे की एकाच बाजूला? आवाज कमी केल्यावर फरक पडतो का? हे सगळं फुकटचं टेस्टिंग आहे.

३. जेवण तपासा. ऑप-अँपच्या दोन्ही सप्लाय पायांवर पुरेसे व्होल्ट आहेत का?

४. चांगल्या बाजूशी तुलना करा. स्टिरिओ सर्किटमध्ये बरोबर उत्तराची कॉपी शेजारीच असते. कॉपी करायला इथे परवानगी आहे!

५. आउटपुट छताला किंवा तळाला चिकटला असेल तर दोन्ही इनपुट बघा. इनपुट सांगताहेत तिकडेच आउटपुट गेला असेल, तर ऑप-अँप प्रामाणिक आहे, बिघाड बाहेर शोधा. इनपुट एक सांगताहेत आणि आउटपुट भलतीकडेच, तर मात्र खुशाल बदला. फक्त मामांसारखा बेस लावा.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं. ट्रान्सफॉर्मरच्या ज्या बाजूला भिंतीतला २३० व्होल्ट येतो, तिकडे चालू असताना बोट, दांडी, काही नाही. सोल्डर करताना प्लग बाहेर. मोठे कंडेन्सर बंद केल्यावरही थोडा वेळ भरलेले असतात, त्यांना रिकामं होऊ द्या. मोजताना दांडी घसरून दोन पाय एकदम जोडले जाणार नाहीत, हे बघा. ट्रान्सफॉर्मर नसलेले, थेट मेन्सवर चालणारे चार्जर आणि टीव्हीचे सप्लाय उघडायची हौस नको. ते जाणकारांचं काम.

राहिले काडेपेटीतले ते दोन ४५५८. मामेभाऊ फेकणार होता, मी मागून घेतले. पुण्यात ब्रेडबोर्डवर एकेक लावला, सप्लाय दिला, इनपुटला गाणं दिलं, पाय तपासले. दोन्ही ठणठणीत आहेत. एक माझ्या हेडफोन अँपमध्ये बसलाय, दुसरा ऑफिसच्या डेस्कवर काडेपेटीतच ठेवलाय.